शिक्का न मारलेलं कापड

भानुदास तात्यांनी माझ्या टेबलावर ते कापड पसरलं आणि मी सवयीने आधी त्यातला फॉल्ट शोधला. सापडायला वेळ लागला नाही. कापडाच्या साधारण मध्यावर नक्षीच बदलत होती. अलीकडे काळ्या पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारख्या दिसत होत्या. पलीकडे एकदम मोठमोठे शंकरपाळे सुरू झाले होते. मधे काठ नाही, साधी रेघ नाही. बोलता बोलता माणसाने एकदम विषय बदलावा, तसा प्रकार होता.

"तात्या, हे इथे बिघडलंय," मी म्हणालो.

"असू द्या," तात्या म्हणाले. "त्याचं काय न्हाय. ह्यो कोपरा तेवढा भरून पायजे."

कोपऱ्यात तळहाताएवढी जागा नुसतीच होती. नक्षी तिथपर्यंत येऊन थांबली होती.

पन्नास सालानंतरचा काळ. मी बारामतीच्या सरकारी विणकाम केंद्रात तपासनीस होतो. लोक मला मास्तर म्हणत. पत्र्याची शेड, आत हातमाग, खिडकीखाली एक उतरतं टेबल. विणकराने आणलेलं कापड त्या टेबलावरून उजेडात ओढायचं आणि चूक दिसली की तिच्याभोवती खडूने गोल करायचा. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा तो बाणा. ताणा तुटलेला, बाणा सुटलेला, काठ वाकडा, नक्षी चुकलेली, या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द, फॉल्ट. फॉल्ट नसेल तर कोपऱ्यावर 'पास' असा जांभळा शिक्का मारायचा. माझ्या हातात खडू आणि शिक्का, एवढीच सत्ता होती. ती मी मन लावून गाजवत असे.

तात्या वरकुट्याचे. विहिरीवर भाजीपाला आणि पेरूची बाग. बाजाराच्या दिवशी पाट्या घेऊन बारामतीला येत, आणि माझ्या घरची वांगी त्यांच्याकडूनच येत. अशी ओळख. तरुणपणी ते बोटीने आफ्रिकेला गेले, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे काँगो नावाच्या मुलखात नदीवर चालणाऱ्या बोटींच्या इंजिनांवर ते फिटर होते. परत आले तेव्हा कडेवर नुकतीच चालायला लागलेली मुलगी होती. तिची आई तिकडचीच, कुबा नावाच्या लोकांतली. ती तापाने गेली. यापुढे तात्या कधी बोलत नसत, आणि त्यांना विचारण्याची कोणाची छाती होत नसे.

ते कापड त्या बाईच्या हातचं होतं.

मी मखमल पाहिली होती, पण गवताची मखमल पहिल्यांदा पाहत होतो. तात्यांनी सांगितलं ते असं. राफिया म्हणून तिकडे एक ताडासारखं झाड असतं. त्याच्या कोवळ्या पानाच्या पट्ट्या सोलून पुरुष कापड विणतात. सूत कातत नाहीत, त्यामुळे पान जेवढं लांब तेवढंच कापड लांब. मग त्या कापडावर बायका त्याच झाडाचे बारीक तंतू सुईने भरतात आणि वरून कापतात. कापलेली टोकं उभी राहतात आणि हाताला मखमल लागते. आधी आखून काही घेत नाहीत. नक्षी बाईच्या डोक्यात असते, आणि एकेका कापडाला महिनेच्या महिने जातात.

"आता एवढ्या वर्षांनी कोपरा भरायची घाई कशाला?" मी विचारलं.

"शेवंताचं लगीन हाय वैशाखात. नरसिंगपूरचं स्थळ. रुखवतात मांडायचं म्हणती. आईचं तेवढंच हाय तिच्याजवळ." तात्यांनी रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "अर्धवट वस्तू रुखवतात मांडत न्हाईत, मास्तर. बाया नावं ठिवतील. तिला आधीच काय कमी ठिवत्यात."

शेवंताला मी बाजारात पाहिलं होतं. अंगाने उंच, रंगाने आपल्यापेक्षा पुष्कळच काळी, केस असे दाट कुरळे की त्यांची वेणी वळायची नाही. असल्या मुलीचं लग्न जमायला किती वर्षं लागली असतील, हे सांगायला नको. आलेलं स्थळ चांगलं होतं. मुलाने मुलगी पाहूनच होकार दिला होता. पण लग्न काही एकट्या मुलाशी लागत नाही. बरोबर त्याच्या आत्या, मावश्या आणि काकू येतात, आणि त्यांची तपासणी माझ्यापेक्षा कडक असते.

मी काम घेतलं.

पहिला प्रश्न तंतूंचा. राफिया बारामतीत कुठला? शिंदीचं पान आणून पाहिलं, सुईतून जाताना त्याचे तुकडे पडले. अंबाडी मऊ निघाली, पण कापली की टोकं पिंजून कापसासारखी व्हायची. केळीचा सोप ओला असेपर्यंत गुणी वाटला, वाळल्यावर कडाकडा मोडला. शेवटी घायपातीवर आलो. बांधावर कुंपणाला लावतात, ज्याचे दोर वळतात, तीच. तिचा तंतू ताठ असतो, म्हणून तो मोगरीने ठेचला, तळहातांत चोळला आणि नखाने उभा चिरून बारीक केला. काळा रंग हिरडा आणि हिराकस उकळून केला. शेवंताच्या आईच्या काळ्याशी अगदी जुळला नाही, पण जवळ गेला.

हे सगळं मी सरूबाईच्या मदतीने केलं. सरूबाई आमच्या केंद्रातली रफूवाली. कापडाला भोक पडलं, धागा तुटला, की तिच्याकडे जायचं. ती धाग्यात धागा घालून जागा अशी बुजवायची की मलाही सापडत नसे. "जागा दावा आन मजुरी कापा," असं ती मला बजावायची. मी चष्मा लावून बघायचो आणि हरायचो. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता आणि तो लपवण्याचा ती प्रयत्न करत नसे.

तिने ते कापड उलटसुलट करून पाहिलं.

"मास्तर, ह्याला गाठ कुठं हाय?"

"गाठ नाही. सुई एका धाग्याखालून घालायची, तंतू ओढायचा, शेपूट जरासं वर ठेवायचं, आणि दुसरीकडून तेवढंच ठेवून कापायचं. वीण घट्ट असते, तीच त्याला धरून ठेवते."

"म्हंजी ओढलं की निघालं."

"निघालं."

"असलं कसलं काम," सरूबाई म्हणाली. मग तिचं बोट मध्यावर आलं. "आन ही चूक?"

"तिला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाने सांगितलंय. फक्त कोपरा."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय," ती म्हणाली, पण कापड घेऊन तिच्या जागेवर गेली.

तिने आधी जुन्या फडक्यावर हात बसवला. कापायला न्हाव्याकडून एक जुना वस्तरा आणला. तंतू कमी-जास्त राहिले तर मखमल खरबरीत लागते, म्हणून वस्तरा आडवा धरून एका फटक्यात न्यायचा. ते तिला लवकर जमलं. काम मार्गी लागलं असं समजून मी इंदापूरला गेलो. तिथल्या काही घरांतल्या मागांची तपासणी बरेच दिवस राहिली होती.

मी नसताना पुण्याहून आमचे साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांना केंद्राचं नाव व्हावंसं वाटे आणि त्यासाठी ते ज्या वस्तूवर नजर जाईल तिच्यात सुधारणा सुचवत. त्यांची नजर सरूबाईच्या मांडीवरच्या त्या कापडावर गेली. पुढचं मला नंतर कळलं ते असं की, साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून मधल्या जागेभोवती हवेत गोल काढला आणि म्हणाले, "हा फॉल्ट आहे. आपल्या सेंटरमधून डिफेक्टिव्ह पीस बाहेर जाता कामा नये. सरळ करून घ्या." आणि मोटारीत बसून गेले.

मी इंदापूरहून एसटीने परतलो तो बाजाराचा दिवस होता. शेडच्या बाकावर तात्या बसले होते. शेजारी शेवंता. काम कुठवर आलं ते बघायला बाप-लेक आले होते. मी टोपी काढून ठेवतो न ठेवतो तोच सरूबाई कापड घेऊन आली. तिच्या तोंडावरचा आनंद मला चांगला माहीत होता. जागा हरवली की ती तशी दिसायची.

"कोपरा ऱ्हायलाय," ती म्हणाली, "पर आधी मोठं काम उरकलं. बघा, सांधा घावतोय का."

तात्यांनी कापड मांडीवर घेतलं. मीही वाकून पाहिलं. मधली दोन बोटं रुंदीची पट्टी तिने काढून टाकली होती आणि नवीन भरली होती. पट्ट्या हळूहळू फाकत जाऊन शंकरपाळ्यांत मिसळत होत्या. नक्षी कुठे बदलली ते खरंच सांगता येत नव्हतं. काम अतिशय सुरेख होतं.

तात्यांनी अंगठा त्या जागेवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"हितलं कुणी काढलं?"

"मी," सरूबाई म्हणाली. "चुकलं हुतं न्हवं. सायबांनी बी सांगितलं. आन मला बी पटलं."

तात्यांनी कापडावरचा हात काढून घेतला. ते सुताच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. मला आधी सरूबाईचा राग आला, मग साहेबांचा जास्त आला, आणि शेवटी तात्यांचाही आला. इतकं महत्त्वाचं होतं तर माणसाने आधी सांगायचं. पण सांगायला न लागता जगता यावं म्हणूनच बहुधा ते गप्प राहत आले होते.

"काय झालं, तात्या?" शेवंताने विचारलं. तीही बापाला तात्याच म्हणायची.

"चुकलं नव्हतं ते," तात्या म्हणाले. ते कोणाकडे बघून बोलत नव्हते. "तुझ्या आयनं हे काढायला घेतलं तवा पट्ट्याच घेतल्या हुत्या. निम्म्यावर आलं आन तिचं दीस भरलं. तुझा जल्म झाला. बरेच दीस कापड तसंच गुंडाळून पडलं. मग परत हातात घेतलं तर पट्ट्या सोडल्या आन हे मोठं काढायला लागली. मी म्हनलं, असं का गं? तर म्हणाली, आता घरात आमी दोघी हाय. एकटीची नक्षी आता कशी चालंल."

शेडमधला एकच माग चालू होता. तोही थांबला.

"तवा कोपऱ्यापातूर आली," तात्या म्हणाले, "आन मग तापात गेली."

शेवंता हे पहिल्यांदाच ऐकत होती. ते तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"तुमी मला कवा सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

"तू कवा इचारलं न्हाईस."

"मला ठावंच नव्हतं तर इचारू काय?"

तात्यांनी कापड तिच्या मांडीवर ठेवलं. मी आत जाऊन उगीच पाणी पिऊन आलो. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्याचं काम माझ्या नोकरीत कधी पडलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा सरूबाईने कापड परत स्वतःकडे घेतलं होतं आणि ती सुईच्या टोकाने आपलंच काम ओढून काढत होती. गाठ नव्हतीच. एकेक तंतू सरसर निघत होता. तिने माफी मागितली नाही. तिच्या तोंडून असा शब्द मी पुढेही कधी ऐकला नाही. मधली पट्टी पार उघडी झाल्यावर तिने फळीवरून एक डबी काढून शेवंतासमोर ठेवली. डबीत शेवंताच्या आईचे काढलेले तंतू होते, तिळाएवढे तुकडे. रफूवाले काढलेला धागा टाकत नाहीत, रंग जुळवायला ठेवतात. पण एवढे आखूड तुकडे पुन्हा भरता येत नाहीत.

"आता हितं पैल्यासारखं कसं करायचं?" तात्यांनी विचारलं.

हे मात्र माझं काम होतं. मी कापड खिडकीच्या उजेडात उतरत्या टेबलावर ताणलं आणि भिंग लावलं. तंतू निघाला तरी वर्षानुवर्षं तो जिथे बसला होता तिथला धागा जरा फाकलेला राहतो. आईने सुई कुठे कुठे घातली होती ते दिसत होतं. पट्ट्या कुठे संपल्या आणि पहिला शंकरपाळा कुठे सुरू झाला, तेही दिसत होतं. मी खडूची पेन्सिलीसारखी टोकदार कांडी केली आणि तेवढी हद्द ठिपक्यांनी दाखवली. त्या टेबलावर मी हजारदा फॉल्टभोवती खडू फिरवला असेन. फॉल्ट परत जागेवर आणण्यासाठी तो एकदाच फिरवला.

"भरते मी," सरूबाई म्हणाली.

"नगं," शेवंता म्हणाली. "मला शिकवा. रुखवतात नवरीच्या हातचं मांडायचं असतंय न्हवं?"

सरूबाईने सुई तिच्या हातात दिली.

त्यानंतर शेवंता वरकुट्याहून येऊन सरूबाईजवळ बसू लागली. तिला ते सहज आलं असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. तिचा हात जड होता. पेरू उतरवणारा, मोट हाकणारा हात. सुई बोटात जायची, तंतू अर्ध्यात तुटायचा. वस्तरा तर तिला कधीच धड धरता आला नाही. तिने भरलेली पट्टी आईच्या कामापेक्षा उंच आणि विस्कटलेली राहिली. सरूबाई बघायची आणि दात आवळून गप्प बसायची. कोपऱ्यासाठी मात्र दोघी समोरासमोर बसल्या. अर्धा एकीने भरला, अर्धा दुसरीने. कुठला कोणाचा ते लांबूनही ओळखू येत होतं.

मधेच साहेब पुन्हा आले.

"ही कोण?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक काम करतंय?"

"होय साहेब. मजुरी मागत नाही."

साहेबांनी कापड पाहिलं. "मी फॉल्ट काढायला सांगितला होता."

"काढला होता. गिऱ्हाइकाने परत घालायला लावला."

"परत घालायला? आणि हे आणखी ओबडधोबड केलंय."

"होय. त्यांना तसंच हवंय."

साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. उन्हाने माझं काही बिघडलंय का, याचा ते अंदाज घेत असावेत. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण यावर आपला पासचा शिक्का मारू नका."

"नाही मारत," मी म्हणालो. साहेबांचा हुकूम इतक्या खुशीने मी एरवी कधी पाळला नसेल.

कापडाला मागून मांजरपाटाचं अस्तर लावलं. लावताना शेवंताने डबीतले ते तिळाएवढे तुकडे अस्तराच्या आत, मधल्या पट्टीच्या बरोबर मागे ठेवले आणि टाके घालून बंद केले.

लग्नाला मी वरकुट्याला गेलो. सरूबाईही आली होती, नवं लुगडं नेसून. मांडवाच्या कडेला रुखवत मांडलं होतं. शेवया, कुरडया, मण्यांची तोरणं, भरतकामाच्या पिशव्या, साखरेचं तुळशीवृंदावन. कापड खालच्या पायरीवर, एका घडवंचीच्या आड अर्धं झाकून ठेवलं होतं. ते तात्यांनीच तसं ठेवलं असणार. नरसिंगपूरच्या बाया रुखवत बघायला आल्या. पुढे मुलाची आत्या, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. तिने शेवया हातात घेऊन बारीक आहेत का पाहिलं, पिशवीचा टाका उलटून पाहिला. मग खाली वाकली, कापड ओढून बाहेर काढलं आणि त्यावरून हात फिरवला. हात मध्यावर येऊन थांबला.

तात्या माझ्या शेजारी उभे होते.

"पोरी," आत्या रुखवताशेजारी बसलेल्या शेवंताला म्हणाली, "हितं चुकलं व्हय गं?"

नवरीने अशा वेळी मान खाली घालून गप्प बसायचं असतं. तिच्या वतीने काकू नाहीतर मावशी बोलते. शेवंताला बोलणारी काकूही नव्हती आणि मावशीही नव्हती. तिने मान वर केली.

"चुकलं न्हाय, आत्याबाई. हितवर माझ्या आयनं एकटीनं काढलं. हितं माझा जल्म झाला. म्हून तिनं नक्षी बदलली."

आत्याने पुन्हा एकदा त्या उंच, विस्कटलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ तपासनीस पाहिले. इतका वेळ घेणारा पाहिला नाही.

"मग खाली कशाला ठिवलंय?" आत्या मागच्या बायांना म्हणाली. "वर मांडा की. साखरेचं सरकवा तिकडं."

साखरेचं तुळशीवृंदावन बाजूला झालं आणि कापड सगळ्यात वरच्या पायरीवर गेलं. तात्या उपरण्याने तोंड पुसत मांडवाबाहेर निघून गेले. सरूबाई मला म्हणाली, "कोपऱ्यातला माझा भाग बघा, किती सरळ हाय." मी बघितला. सरळ होता.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत ठिकठिकाणच्या केंद्रांत कापडं तपासली. खडू सोडला नाही, पण एक सवय लावून घेतली. नक्षी मधेच बदललेली दिसली की गोल करण्याआधी विणकराला विचारायचं, इथे काय झालं? उत्तर जवळजवळ नेहमी एकच मिळालं. "लक्ष नव्हतं, मास्तर." मग मी गोल करायचो.

पण विचारायचो.